कुंकवाचे पहारेकरी

काल सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव झाला, आज भोगी आहे आणि उद्या संक्रांत. काल पहाटे बदनापुरातून जालनामार्गे निघालेल्या गाड्या रात्री परतल्या. आज सकाळपासून बाजारात सुगड्यांच्या उतरंडी, बोरे, गाजरे, उसाची कांडकी, हरभऱ्याचे ढाळे आणि गव्हाच्या ओंब्यांचे ढीग लागले आहेत. उद्या बाया ववसायला निघतील आणि मग रथसप्तमीपर्यंत रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू ठरलेलेच. घरोघरी आहे, बचत गटात आहे, शाळेत आहे आणि ज्याला पुढेमागे नगरपंचायतीत जायचे आहे त्याच्या मांडवात तर आहेच. या मांडवांची निमंत्रणे सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. मजकूर साधारण एकच असतो: प्रभागातील सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण, येणाऱ्या प्रत्येकीला वाण आणि सोडतीत पैठणी.

बाजारात सुगडी विकायला बसलेल्या बायांमध्ये काहींचे कपाळ मोकळे असते. त्यांच्याकडून घेतलेले सुगड उद्या देवापुढे चालते. त्यांच्या हातची हळदीची आणि कुंकवाची पुडीही चालते. त्या स्वतः मात्र उद्या कुणाच्या दारी वाण घ्यायला जाणार नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावणारही नाही. यात कुणाला काही वावगे वाटत नाही, खुद्द विकणाऱ्या बाईलाही नाही.

बाईने काय नेसावे, कपाळी काय लावावे, कुणाशी लग्न करावे, लग्नच करावे की नाही, यावरून महाराष्ट्रात अलीकडे रोज रण माजते. एका बाजूला संस्कृती बुडाली म्हणून टाहो फोडणारे, दुसऱ्या बाजूला संस्कृती म्हणजेच बेडी असे ठरवून मोकळे झालेले. दोघांच्याही हातात मोबाइल आहे आणि दोघांनाही वेळ भरपूर आहे. या रणात बाजारातल्या त्या बाईचा विषय कुठेच निघत नाही. म्हणून तो आज काढायचा.

२०२२ साल आठवून पाहावे. त्या वर्षी ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात कुणाचा नवरा गेला तर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या गावाने जे केले ते राज्य सरकारला इतके पटले की दोनच आठवड्यांत, १७ मे रोजी, ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. या ठरावामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर यातले काहीही लादू नये, असे प्रतिज्ञापत्रच या गृहस्थांनी करून ठेवले. मरणाआधी जमिनीची वाटणी लिहून ठेवणारे पुष्कळ. बायकोच्या कपाळाची काळजी लिहून ठेवणारा विरळा.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, मंत्रालयाच्या आवारात, मुख्यमंत्र्यांना भेटून निघालेल्या संभाजी भिडे गुरुजींना एका पत्रकार तरुणीने प्रश्न विचारला. आधी कुंकू लाव, मग तुझ्याशी बोलतो, असे उत्तर तिला मिळाले. प्रत्येक स्त्री भारतमातेचे रूप आहे आणि भारतमाता विधवा नाही, असा त्यांचा खुलासा होता. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली. वाहिन्यांवर पंधरा दिवस धुरळा उडाला. टिकली लावणे हे स्त्रीचे स्वातंत्र्य की पारतंत्र्य, यावर जिला तिला आणि मुख्य म्हणजे ज्याला त्याला मत होते.

या धुरळ्यात एक गोष्ट कुणी नीट ऐकली नाही. 'भारतमाता विधवा नाही' या वाक्याचा अर्थ काय होतो? जिच्या कपाळावर कुंकू नाही ती बोलण्याच्याही लायकीची नाही, असा होतो. त्या पत्रकार तरुणीचा अपमान झाला हे खरेच. पण ती दुसऱ्या दिवशी मनात आले तर टिकली लावू शकत होती, नाही तर नाही. ज्यांना ती लावण्याची मुभाच नाही अशा लाखो बायका त्या एका वाक्यात मोडीत निघाल्या आणि त्यांच्या बाजूने आवाज उठला तो फार बारीक. सहाच महिन्यांपूर्वी सरकारने काढलेले परिपत्रक त्या वेळी सरकारलाही आठवले नाही.

पुरोगामी मंडळींचीही इथे पंचाईत होते. त्यांच्या लेखी कुंकू ही नवऱ्याच्या मालकीची खूण. ती झुगारली पाहिजे. हेरवाडच्या ठरावात मात्र बायका कुंकू मागत होत्या. एकीला ते नको आहे, दुसरीला हवे आहे, मग स्त्रीमुक्ती नेमकी कुणाची? आमच्या मते दोघींचीही, आणि दोघींचे भांडण एकाच माणसाशी आहे. हा माणूस पहारेकरी आहे. तो कधी सासरा असतो, कधी भावकी, कधी गल्लीतली म्हातारी, कधी मंत्रालयाच्या आवारातला गुरुजी. कुणाच्या कपाळावर काय असावे हे ठरवायचा हक्क आपल्याकडे आहे, असे त्याला मनापासून वाटते. कुंकवाचा झगडा त्या हक्काशी आहे. तो हक्क काढून घेतला की कुंकू ही साधी गोष्ट उरते: आवडले तर लावावे, नाही तर डबीत ठेवावे.

मयताच्या घरात काय घडते ते पुरुषांना बहुधा नीट दिसत नाही, कारण ते बाहेर लाकडे, ताटी आणि गोवऱ्या जमवण्यात गुंतलेले असतात. आत बायका तिला मध्ये बसवतात. जिचा नवरा तासाभरापूर्वी गेला आहे तिला धड रडूही न देता कुणीतरी तिचे हात पुढे ओढते. दगडावर किंवा एकमेकींवर आपटून बांगड्या फोडल्या जातात. काच मनगटात घुसते. त्या रक्ताकडे कुणी पाहत नाही. कपाळावरचे कुंकू हाताने फरफटत पुसले जाते. पायातली जोडवी काढायची म्हटले तर वर्षानुवर्षे रुतलेली असतात, तीही ओढून काढतात. हे सारे करायला पुढे होते ती बहुतेक वेळा घरातली नाही तर भावकीतली थोरली विधवा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिचेही हात असेच कुणीतरी धरले होते. बायाच बायांच्या वैरी, हे पुरुषांच्या आवडीचे वाक्य इथे कामाला येणार नाही. त्या घरात तिला मानाचे असे एकच काम उरले, ते हे. ते काम तिच्याकडे सोपवणारी व्यवस्था बाहेर ओसरीवर बसून तंबाखू मळत असते.

आणि बाई आधी गेली तर? नवऱ्याच्या कपाळावरचा टिळा कुणी पुसत नाही, त्याच्या हातातले कडे कुणी फोडत नाही. दहावा-तेरावा आटोपला की लेकरांना बघायला कुणी नको का, म्हणून स्थळांची चौकशी सुरू होते.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२३ साली विभागाच्या आठ जिल्ह्यांत हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्या आधी करोनाची दोन वर्षे गेली. त्यात इतक्या तरण्या बायका मागे राहिल्या की सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी गावोगाव समित्या उभ्या कराव्या लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठरा पूर्ण होण्याआधीच लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के निघाल्या आणि जालना जिल्ह्यात सुमारे ३५ टक्के. लवकर लग्न म्हणजे, नवरा गेलाच तर, लवकर वैधव्यही. कापसाच्या रानात, मोसंबीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बायांत पंचविशी-तिशीतली मोकळी कपाळे दिसतात ती यामुळे. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास संक्रांती आहेत.

सरकारी कागदावर या बाईची अडचण होत नाही, हे विशेष. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या अटीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी सगळी नावे एका ओळीत आहेत. मतदार यादीत तर हा रकानाच नाही. योजनेचा अर्ज भरताना ती बहीण, मतदानाच्या दिवशी गाडी पाठवून आणायची तेव्हा ती ताई, आणि त्याच भाऊंच्या मांडवातल्या निमंत्रणात मात्र ती नाही. दीड हजार रुपये चालतात, पण चिमूटभर हळद चालत नाही, हा हिशेब आम्हाला कुणी नेत्याने समजावून सांगावा. हळदीकुंकवात पैठणी लुटवणारे पुढारी सर्व पक्षांत आहेत. कोपरखळी कुणा एकाला नाही.

कुणी म्हणेल, हे सारे हल्लीचे खूळ आहे. तसे नाही. १८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, पोटचे मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांना समस्त बायकांच्या नीतीची चिंता वाटू लागली, आणि पुण्यात छापणाऱ्या पुरुषांनी आजकालच्या बायका या विषयावर लेखण्या झिजवल्या. त्याला उत्तर पुण्यातून आले नाही. ते आले बुलढाण्यातून, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापली. सगळे दुर्गुण बाईच्याच अंगी असतात काय, आणि नवरा मेला म्हणून बाईने तोंड लपवायचे तर बायको मेलेल्या पुरुषाने का नाही, हा त्यांच्या तक्रारीचा रोख. जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी पुस्तक गाडून टाकले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणेपर्यंत नव्वदहून अधिक वर्षे गेली. आज वाहिन्यांवर चालणारी नीतीची भांडणे ऐकली की वाटते, ताराबाईंच्या पुस्तकाची दहा-वीस पानेच वाचून दाखवावीत आणि चर्चा संपवावी.

१८९० सालची एक हकिकत याहून उपयोगाची आहे. त्या काळी उच्चवर्णीय विधवांचे केशवपन होई. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने मुंबईच्या नाभिकांना संघटित केले आणि त्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही म्हणून संप केला. धर्ममार्तंडांशी वाद घालत बसण्यापेक्षा ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. आज हा वस्तरा मयताच्या घरातल्या थोरल्या बायांच्या आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

आता पुन्हा कालच्या सिंदखेडराजाकडे. शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले तो दिवस २३ जानेवारी १६६४, तिथी माघ शुद्ध पंचमी. म्हणजे रथसप्तमीच्या दोनच दिवस आधी, याच हळदीकुंकवाच्या दिवसांत जिजाऊंना वैधव्य आले. त्यांनी सती जायचे ठरवले आणि शिवरायांनी विनवून त्यांना थांबवले, असे सांगतात. पुढची दहा वर्षे त्या स्वराज्याच्या कारभारात होत्या. १६७४ च्या ६ जूनला त्यांनी राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला पाचाडला देह ठेवला. मोगल आणि आदिलशाही यांच्याशी सामना करणाऱ्या राज्याला या दहा वर्षांत एका विधवेचा आशीर्वाद अशुभ वाटला नाही.

या महिन्यात ३ तारखेला आपण सावित्रीबाईंची जयंती केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरायला त्या स्वतः पुढे झाल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना, १० मार्च १८९७ ला, त्या गेल्या. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही, म्हणून पुढे अठ्ठावीस वर्षे माळव्याला त्यांचे राज्य मिळाले. आपल्याकडून तासा-दोन तासांवर असलेल्या वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार करवला. त्या देवळात आज सुवासिनी ओटी भरतात.

बदनापूरच्या चौकातल्या फलकावर या तिघींची चित्रे शेजारी शेजारी असतात आणि खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो. फलकावरच्या तिघीही विधवा होत्या. फलकाखालच्या मांडवात शिरायला त्या आल्या असत्या तर निमंत्रणातल्या अटीनुसार दारातूनच परत गेल्या असत्या. जिजाऊंचा जयजयकार काल केला आणि उद्या त्यांच्याच सारखीला वाणापासून लांब ठेवले, तर कालचा जयजयकार फक्त घसा मोकळा करण्यासाठी होता असे समजावे लागेल.

कुंकवाच्या भांडणात एक गोष्ट मागे पडते, तिच्याविषयीही बोलून टाकू. ती म्हणजे सातबारा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे; मुलांबरोबर, सासूबरोबर तिचा वाटा ठरलेला आहे. प्रत्यक्षात वारस नोंदीचा फेरफार महिनोन्‌महिने रखडतो, दीर गोडीगुलाबीने हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो आणि माहेरचे भाऊही तेच करतात. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढून नवऱ्यांना जिवंतपणीच बायकोच्या नावे जमीन करायला लावले होते. आंबेठाणच्या या माणसाला स्त्रीमुक्तीवाल्यांनी फारसे आपले मानले नाही, हा आपल्याकडचा जुनाच दोष. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. त्याच्या जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला मिळाला. नाव नव्हते ती बाई घरात असूनही हिशेबात नव्हती. शेतकरी आत्महत्येनंतरची एक लाखाची सरकारी मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, तीसुद्धा आत्महत्या पात्र ठरली तरच. कपाळ, कागद आणि पैसा या तिन्ही ठिकाणी बाईला पुसून टाकायची रीत एकच आहे. ज्या बाईला सणासमारंभात कुणी मोजत नाही तिला वाटणीत मोजायची गरजही भावकीला वाटत नाही.

हळदीकुंकू बंदच करा, असे काही मंडळी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ज्या घरांतून बाई वर्षभर शेत आणि चूल सोडून हलत नाही, तिथे संक्रांतीचे हे दिवस तिचे हक्काचे बाहेर पडण्याचे दिवस आहेत. ती नटते, चार घरी जाते, उखाणा घेते, सासूच्या नजरेआड मैत्रिणीशी बोलते. शहरातल्या बाईला याची किंमत कळणार नाही. सण राहू द्या. दारावरचा पहारा उठवा. उलट बाजूने कुणी म्हणेल की आम्ही बोलावतो, पण त्याच येत नाहीत. बरोबर आहे, येणार नाहीत. पंधरा वर्षे जिला कुणी बोलावले नाही ती पहिल्या आमंत्रणाला बिचकणारच. एखादी आली तरी कोपऱ्यात बसेल आणि कुंकू लावायला हात पुढे केला की मान मागे घेईल. तेव्हा तिला आग्रह करायचा, पण जबरदस्ती नाही. नको म्हणाली तर तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचे.

आता काय करायचे ते. बदनापूर शहरात ग्रामसभा नाही, नगरपंचायत आहे. म्हणून शहरातल्या मांडववाल्यांनी उद्या सकाळच्या आत आपल्या निमंत्रणातला एक शब्द बदलावा आणि 'सर्व महिलांना' असे लिहावे. प्रभागातल्या किमान एका विधवा भगिनीच्या हातून पहिले वाण द्यावे. तालुक्यातल्या गावांसाठी वेळ थोडा जास्त आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे आणि तिच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते. त्या महिला सभेत दोन ठराव मांडा: पहिला हेरवाडचा, दुसरा गावातल्या प्रत्येक विधवेची वारस नोंद मुदतीत करून घेण्याचा. पहिल्यावर बाया बोलतील, दुसऱ्यावर पुरुष बोलतील. दोन्ही ठराव एकाच दिवशी मंजूर झाले पाहिजेत, हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी पाहावे. ठराव झाला की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. गावाच्या नावासह आम्ही पहिल्या पानावर छापू.